बारामतीचा ऊस आणि बारामतीचा पदवीधर

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बारामतीच्या उसाचे उदाहरण जगापुढे ठेवले, तेव्हा नीरेच्या डाव्या कालव्याकाठी अभिमानाची लहर उठली असल्यास नवल नाही. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रयोगात मातीतील संवेदक ओलावा व क्षारता मोजतात, उपग्रह पिकावर नजर ठेवतो, आणि या सर्वांचा मेळ घालून कृत्रिम बुद्धिमत्ता शेतकऱ्यास मोबाइलवर सल्ला देते. त्याच वर्षी राज्य सरकारने महाकृषी-एआय धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. उसाचे कौतुक यथास्थित झाले. त्या उसाच्या पैशावर शिकलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला आम्हांस दिसत नाही.

बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले, विद्या प्रतिष्ठान १९७२ साली. तेव्हापासून या दोन तालुक्यांतील घराघरांचा हिशेब सरळ होता. मुलगा बी. कॉम. झाला की कारखान्याच्या कचेरीत, पतसंस्थेत किंवा दूधसंघात एखादी खुर्ची मिळे आणि चिखलातून पाय निघे. त्या खुर्चीवरचे काम म्हणजे नोंदी उतरविणे, ताळा जुळविणे, पत्राचा मसुदा करणे, इंग्रजी परिपत्रकाचे मराठी करणे. नेमके हेच काम यंत्र आज क्षणात करते. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात मालकवर्गाने असा अंदाज दिला आहे की, २०३० पर्यंत कामास लागणाऱ्या मूलभूत कौशल्यांपैकी ३९ टक्के बदलतील वा निरुपयोगी ठरतील. कचेरीतील कारकुनीस हा आकडा कमीच म्हणावा लागेल.

मग पदवीधराने शिकावे काय? संगणकाची कळ दाबणे, असे उत्तर अनेक संस्थाचालक देतील आणि नव्या नावाचा अभ्यासक्रम काढून शुल्क वाढवतील. आमच्या मते खरी गरज निराळी आहे. यंत्र म्हणते, आज पाणी द्या. परंतु कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरच्या शेतकऱ्याचे आवर्तन अद्याप यावयाचे असते, विहिरीवरची वीज रात्री येणार असते. मग सल्ला कसा फिरवावा? चिटबॉयने आडसाली लागणीची तारीख चुकीची नोंदविली, तर यंत्राचा तोडणी-प्रोग्राम कितीही सुबक दिसला तरी मुळातच खोटा ठरतो आणि उतारा शेतकऱ्याचा बुडतो. ती चूक शोधावयास बांधावर जावे लागते, शेतकऱ्यास त्याच्या भाषेत नेमका प्रश्न विचारावा लागतो, आणि साहेबाच्या पडद्यावरचा आकडा चूक आहे असे लिहून देण्याचे धैर्य लागते.

या खोऱ्यास हा धडा नवा नाही. नीरेचा कालवा आला तेव्हा पाणी म्हणजे समृद्धी असेच सर्वांस वाटले होते. परंतु अतिपाण्याने जमिनी खारावू लागल्या, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. पाणी आणणाऱ्यांइतकीच पाण्याचा परिणाम तपासणाऱ्यांची आवश्यकता होती. आजच्या सल्ल्याच्या प्रवाहासही तसे तपासनीस हवेत, आणि ते बंगळुरूहून येणार नाहीत.

यास्तव परीक्षेची रीत प्रथम बदलावी. यंत्राने लिहिलेले उत्तर विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, त्यातील दोष काढण्यास सांगावे आणि त्यालाच गुण द्यावेत. हे काम पाठांतराने साधणारे नाही, आणि अनेक प्राध्यापकांसही ते जड जाईल, हे आम्ही जाणतो. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास श्रेयांक आहेतच. ते एखाद्या दुकानाच्या शिक्क्यावर उरकण्याऐवजी माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांनी प्रत्येक गटात दोन विद्यार्थी एका हंगामापुरते घ्यावेत. यंत्राचा सल्ला, शेतकऱ्याने प्रत्यक्षात केलेले काम आणि अखेरचा उतारा यांची नोंद त्यांनी ठेवावी. मात्र त्यांस विद्यावेतन मिळाले पाहिजे. फुकट राबणारे हात मिळावेत म्हणून आम्ही ही सूचना करीत नाही.