राणीच्या राज्यातले सोवळे

उत्सव आटोपून सभामंडपात गप्पा रंगल्या, की कोणी ना कोणी वडीलधारे गृहस्थ म्हणतातच : "इंग्रज गेले ते बरेच झाले, पण व्हिक्टोरिया राणीच्या काळची त्यांची नीती मात्र घेण्यासारखी होती!" ह्या विधानाशी आमचे भांडण आहे. कोणत्याही समाजाची नीती त्याच्या व्याख्यानांत पाहू नये, कायद्याच्या पुस्तकात पाहावी.

१८५७ साली पार्लमेंटने घटस्फोटाचा कायदा केला. पत्नीचा व्यभिचार शाबीत झाला, की पतीस काडीमोड मिळे. पत्नीस मात्र पतीचा व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग किंवा त्याहूनही भयंकर काही शाबीत करावे लागे. नुसता बाहेरख्यालीपणा हा पुरुषाचा दोषच नव्हे! ही विषमता तेथे १९२३ पर्यंत टिकली. आपल्याकडील ख्रिस्ती स्त्रियांच्या माथी १८६९ च्या कायद्याने ती मारली गेली, ती २००१ साली उतरली.

१८६४ चा कायदा तर ह्याहून निर्लज्ज. बंदरांच्या व लष्करी छावण्यांच्या गावी पोलिसास एखाद्या स्त्रीचा संशय आला, की तिची सक्तीने वैद्यकीय तपासणी व्हावयाची, रोग आढळल्यास तिला इस्पितळात कोंडावयाचे. तिच्याकडे जाणाऱ्या शिपायास हा कायदा एक शब्दही विचारीत नसे. जोसेफाइन बटलर ह्या धर्मोपदेशकाच्या पत्नीने १८६९ पासून त्याविरुद्ध रान उठविले, तेव्हा सभ्य समाजास विटाळ झाला तो कायद्याचा नव्हे, घरंदाज बाईने असल्या विषयावर चारचौघांत बोलण्याचा! कायदा रद्द व्हावयास १८८६ साल उजाडले.

आता आमच्या घरचे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी दादाजी भिकाजींकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी तो फेटाळताना स्पष्ट सांगितले, की असल्या दाव्यास हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही. हे रोप इंग्लंडातून आणून येथे लावले आहे. आमच्या सनातनी पक्षाने काय करावे? इंग्रजी चर्चच्या कोर्टातून आलेला तो उपाय स्वधर्म समजून त्याच्याच रक्षणार्थ कंबर कसली! अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला : नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. असल्या हुकुमाच्या अवज्ञेबद्दलची कैद खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच बंद केली होती. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

इंग्लंडने हा दावाच १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. आमच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून बसला आहे. कैद नाही, पण मिळकतीची जप्ती आहे. वकिलीच्या धंद्यात आम्हीही असले अर्ज लिहिले आहेत. पत्नीने पोटगी मागितली, की आठ दिवसांत पतीस तिला नांदविण्याची ओढ लागते, आणि त्या अर्जात 'हिंदू संस्कृती' हा शब्द घालावयास अशील आम्हांस विसरू देत नाही.