पंधरा दिवसांची सेवा कुणाच्या पदरात?

१८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात माउंट हर्मन येथे कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे एक शिबिर भरले होते. ते संपेपर्यंत शंभर तरुणांनी मिशनरी म्हणून परदेशी जाण्याची तयारी दाखवली. त्यांच्या डोक्यात हे वारे भरवणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढे होता रॉबर्ट वाइल्डर, आणि या रॉबर्टचा जन्म १८६३ चा, तोही आपल्या कोल्हापुरातला. या शिबिरातून स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ उभी राहिली आणि तिने पुढच्या काही दशकांत सुमारे २० हजार तरुण-तरुणी जगभर धाडले. त्यांनी घेतलेली शपथ आयुष्यभराच्या कामाची होती. आज त्याच अमेरिकेत ‘मिशन ट्रिप’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती सुट्टीतली दहा-पंधरा दिवसांची फेरी: चर्चचा गट, एकसारखे टी-शर्ट, एखाद्या गरीब देशातली शाळा रंगवणे, मुलांशी खेळणे, परत जाऊन अनुभवकथन. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनो यांच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या अंदाजानुसार २००५ च्या सुमारास वर्षाला जवळपास १६ लाख अमेरिकन अशा फेऱ्यांवर जात होते. या फेऱ्यांविषयी लिहिले-बोलले जाते ते बहुतेक जाऊन आलेल्यांच्या तोंडून: काय पाहिले, काय शिकलो, मन कसे हेलावले. हा हिशेब उलटा आहे असे माझे म्हणणे आहे. पाहुणा निघून गेल्यावर यजमानाच्या हाती काय राहिले, एवढ्यावरच अशा फेरीचे मोल ठरावे.

परदेशी माणसाची थोडक्या दिवसांची फेरी सत्कारणी कशी लावायची, हे कोल्हापूरजवळच्या कागल पंचतारांकित एमआयडीसीला चांगले ठाऊक आहे. इटलीतल्या कंपनीशी भागीदारी करून रेमंडने शर्टिंगचा कारखाना काढला तो इथेच. तुर्कस्तानची सोक्तासही इथे आली. अशा वसाहतीत परदेशी माग येतो, त्याच्यामागोमाग कमिशनिंगला इंजिनिअर येतो. तो का येतो? कारखान्याने बोलावले म्हणून. काम कोणते, हे ऑर्डरमध्ये आधीच लिहिलेले असते. मशीन लेव्हलला बसवणे, ट्रायल घेणे, कापडातला दोष शोधणे हे तो करतोच. पण त्याचे खरे काम असते शेजारी उभ्या असलेल्या आयटीआय झालेल्या फिटरकडून तोच भाग खोलून घेणे आणि पुन्हा जोडून घेणे. काम पुरे झाल्याची सही मेंटेनन्सचा प्रमुख करतो, पाहुणा नव्हे. आणि खरी परीक्षा होते तो विमानात बसल्यावर, तिसऱ्या पाळीत, रात्री दोन वाजता माग बंद पडतो तेव्हा. फिटरने तो चालू केला तर फेरी फळाला आली. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याने त्या इंजिनिअरचे आयुष्य किती पालटले, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही.

सेवेच्या फेऱ्यांना हा निकष लावला तर काय दिसते? १९९८ च्या अखेरीस मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केले. तिथे घरे बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट गेले. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने पुढे या कामाची पाहणी केली. ते स्वतः ख्रिस्ती कॉलेजात शिकवणारे, म्हणजे टीका घरचीच. सुमारे दोन हजार डॉलरमध्ये उभ्या राहणाऱ्या घरासाठी येणाऱ्या गटाचा प्रवासासह खर्च सरासरी तीस हजार डॉलरच्या घरात जात होता. परदेशी हातांनी बांधलेल्या घरात राहणारे कुटुंब आणि स्थानिक गवंड्यांनी बांधलेल्या घरातले कुटुंब यांच्या समाधानात म्हणावा असा फरक सापडला नाही. कामाला मुकलेल्या गावात बाहेरून फुकट गवंडी आणायचे, आणि तेही विटा रचायला नुकतेच शिकलेले, याला सेवा म्हणायला मन धजत नाही.

आपल्याकडचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. मिशनरी मिस सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारल्या. पस्तीस वर्षे. त्यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशीही मिस फरार यांचे नाव जोडले जाते. १८४८ मध्ये पुण्यात जी शाळा निघाली तिचे चालक इथले, हेतू इथला, आणि धर्मांतराचा त्यात लवलेश नव्हता. मिशनने दिलेली वस्तू घेणाऱ्याने आपल्या कामासाठी वापरली. मिरजेचे उदाहरण तर कागलहून तासा-दीड तासावरचे. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू झाले आणि १८९७ मध्ये, म्हणजे लगेचच, इथल्या तरुणांसाठी वैद्यकीय वर्ग भरू लागला. ते १९२८ मध्ये परत गेले. ऑपरेशने किती केली यापेक्षा मला हा १८९७ चा वर्ग महत्त्वाचा वाटतो. मिशन हॉस्पिटलची अलीकडची आर्थिक ओढाताण सर्वांना माहीत आहे, आणि ती दाखवून कुणी म्हणेल की हस्तांतर फसले. संस्था थकली हे खरे. पण मिरज आजही दवाखान्यांचे गाव आहे; कर्नाटकातून, कोकणातून रुग्ण तिथे येतात, आणि आपल्याला तपासणारा डॉक्टर अमेरिकेतून यावा असे त्यातल्या कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणजे लांब मुक्काम तेवढा पुण्याचा, असे सरसकट म्हणता येईल का? तसेही नाही, आणि याचा दाखला खुद्द कोल्हापुरातच आहे. रॉबर्टचे वडील रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि शाळा काढत सुटले. १८५४-५५ मध्ये त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन भारताच्या पाहणीला आले. पाहुणेच म्हणायचे! काही महिन्यांत पाहणी उरकली आणि शाळांवरचा भर कमी करून देशी भाषेतील उपदेशाकडे व स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या स्थानिक मंडळींकडे लक्ष द्यावे, असे धोरण ठरले. वाइल्डरना ते रुचले नाही. १८६१ मध्ये त्यांनी मिशन शाळांच्या बाजूने पुस्तक लिहिले, बोर्डाशी फारकत झाली, आणि पुढे १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने हे काम हाती घेईपर्यंत ते कोल्हापुरात स्वतंत्रपणे राबले. यात बरोबर कोण? कारभार इथल्या लोकांच्या हाती जावा, हे अँडरसनचे तत्त्व सोळा आणे खरे होते. पण इथल्या माणसाला शाळा हवी आहे, हे कळायला कोल्हापुरात राहावे लागत होते. मुक्कामाने कुणी शहाणा होतोच असे नाही. गरज कुणाची हे कळायला मात्र त्यावाचून उपाय नाही.

यावर मोठा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: ही राहिलेली माणसेही इंग्रजी सत्तेच्या सावलीत आली होती, आणि त्यांना धर्म पसरवायचा होता. दुष्काळात अन्नाच्या रांगेतून झालेल्या धर्मांतरांचा प्रश्न आजही विचारला जातो, तो विचारलाच पाहिजे. परंतु जो राहतो त्याच्याशी भांडता येते. नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. ख्रिस्ती धर्माला परदेशी पेहराव का, हा त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या भांडणाने मराठी ख्रिस्ती समाजाला स्वतःची भाषा आणि भजने मिळाली. पंधरा दिवसांच्या पाहुण्याशी कोण वाद घालणार? त्याला हार घालायचा, जेवू घालायचे, फोटोत उभे राहायचे. यजमानाला नाही म्हणायची सोय नसते, कारण पुढच्या वर्षीची देणगी त्याच गटाकडून येणार असते.

दुसरा आक्षेप शस्त्रक्रियांच्या शिबिरांचा. दुभंगलेल्या ओठांवर किंवा डोळ्यांवर शस्त्रक्रिया करणारा कुशल डॉक्टर आठवड्याभरासाठी आला तरी एखाद्या मुलाचे आयुष्य बदलते. मान्यच आहे. पण हा कागलच्या इंजिनिअरच्या जातीचा पाहुणा आहे: त्याच्याकडे यजमानाकडे नसलेले कसब आहे, त्याला बोलावलेले आहे, आणि स्थानिक सर्जन शेजारी उभा असेल तर ते कसब मागे राहते. तिसरे म्हणणे असे, की उपयोग पाहुण्यालाच होऊ दे, तो माणूस म्हणून बदलतो, पुढे आयुष्यभर देतो. व्हर बीक यांनी तेही तपासले होते. फेरीनंतरच्या देणग्यांत मोठा, टिकाऊ बदल आढळला नाही. आणि समजा आढळला असता, तरी एखाद्याच्या मनाच्या मशागतीसाठी दुसऱ्याच्या गरिबीचे वावर का वापरायचे?

ही केवळ ख्रिस्ती मंडळींची गोष्ट नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर सात दिवसांचे असते. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात मदतीचा ओघ आला तेव्हा जुन्या कपड्यांचे ढीग पडले. पाठवणाऱ्याचे कपाट रिकामे झाले, पूरग्रस्ताला ते आवरायचे काम लागले. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, तेव्हापासून औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंती रंगवण्याला बरे दिवस आले आहेत. नवे मशीन घेताना जे प्रश्न कारखाना पुरवठादाराला विचारतो, ते आपल्या सेवेबद्दल विचारायला त्याच कारखान्याला सुचत नाही, ही गंमतच आहे.

मग माणसे नकोत, पैसे पाठवा, असे म्हणावे तर तिथेही अडचण. एकेकाळी हे जमले होते: पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, काम काय ते त्यांनी मांडले, बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षे पैसे पुरवायचे ठरवले आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. आज विदेशी देणगी कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेला आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आहे. पैशाचा माग लागावा ही सरकारची अपेक्षा गैर नाही. पण त्यासाठी हिशेब तपासणी कडक करता आली असती. झाले असे, की मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणारी खेड्यातली लहान संस्था अडली. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराला मनाई आहे, तरी भिंत रंगवून, फोटो काढून परतणाऱ्या गटाला यातले काहीच आडवे येत नाही. तेव्हा असा गट स्वीकारण्यापूर्वी स्थानिक चर्चने, शाळेने किंवा ट्रस्टने एकाच कागदावर दोन आकडे मागून घ्यावेत, सगळ्यांच्या विमानभाड्याचा एक आणि हेच काम गावातल्या कारागिरांकडून करून घेण्याचा दुसरा, आणि तो कागद गटाला त्यांच्या चर्चमध्ये वाचून दाखवायला सांगावा.