डावी न पाळणारे उजवीकडे निघाले

मे महिना जवळ आला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एकच बेत ऐकू येतो. यंदा टूर कंपनीच्या झेंड्यामागे फिरायचं नाही, गाडी भाड्याने घ्यायची आणि आपली आपण चालवायची. कोणी स्वित्झर्लंडला निघतं, कोणी क्रोएशियाला, कोणी मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन तिथून पुढे नायगारा बघायला, तर कोणी निदान दुबईला. या सगळ्या देशांत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. व्हिसा, प्रवास विमा, हॉटेलं, भाजणीचं पीठ, मेतकूट, सगळ्याची याद्या करून तयारी होते. आयुष्यभर डावीकडून गाडी चालवलेला माणूस विमानतळाबाहेर पडल्यावर उजवीकडून कशी चालवणार, याची तयारी मात्र कोणत्याच यादीत नसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘इंटरनॅशनल लायसन्स काढलंय की!’

हे इंटरनॅशनल लायसन्स काय असतं ते नीट सांगितलं पाहिजे. १९४९ च्या जिनिव्हा करारातून आलेला हा परवाना. आपल्याकडे तो आरटीओ देतं. नमुना ४-अ भरायचा, चालू लायसन्स आणि पासपोर्ट जोडायचा, हजार रुपये भरायचे. एक वर्षासाठी परवाना हातात येतो. त्यासाठी ना प्रश्नपत्रिका असते, ना ट्रॅकवरची चाचणी. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशात चौक कसा ओलांडायचा, एवढा एक प्रश्नही अर्जदाराला कोणी विचारत नाही. ज्या बाजूने आपण जन्मापासून रस्ता पाहतो, त्या बाजूच्या शिकाऊ लायसन्सला १५ प्रश्न असतात आणि त्यांतले ९ बरोबर यावे लागतात. जी बाजू आपण कधी चालवलेलीच नाही, तिच्यासाठी शून्य प्रश्न. मूळ लायसन्स खरं आहे, एवढंच हा परवाना सांगतो. चालक त्या रस्त्याला लायक आहे, असं तो कुठेही म्हणत नाही. लोक मात्र तसंच समजतात, आणि सरकार त्यांना तसं समजू देतं. याचा मला संताप येतो.

‘दोन दिवसांत सवय होते हो,’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. ते दोन दिवस कोणाच्या जिवावर काढायचे? गर्दीच्या रस्त्यावर चूक सहसा होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती पहाटे पार्किंगमधून निघताना, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, रिकाम्या गावरस्त्यावर डावीकडे वळल्यावर. मन दुसरीकडे असतं आणि हात जुन्या सवयीने गाडी डाव्या कडेला नेतात. स्टिअरिंग डावीकडे आलेलं असतं, म्हणजे गाडीचा सारा पसारा आता आपल्या उजव्या हाताला असतो. त्याचा अंदाज नसलेला चालक उजव्या कडेला घासत राहतो, तिथल्या सायकलवाल्याला खेटतो. आपल्याकडे डावं वळण आखूड आणि उजवं लांब, समोरून येणाऱ्यांना छेदून जाणारं. तिथे नेमकं उलटं. गोल चौकात गाड्या घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरतात. मुख्य रस्त्यावर येताना आपली मान आधी उजवीकडे वळते, तिथे आधी डावीकडे पाहावं लागतं. पायी चालणाराही यातून सुटत नाही. डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर विन्स्टन चर्चिल लंडनच्या सवयीने भलत्या दिशेला पाहत रस्त्यात उतरले आणि मोटारीखाली आले. जीव वाचला, पण रुग्णालय चुकलं नाही. आणि आपली माणसं तर वीस तासांचा प्रवास करून, झोप अर्धवट ठेवून, विमानतळावरच किल्ली घेतात आणि मागच्या सीटवर मुलांना बसवून थेट महामार्गावर जातात.

२७ ऑगस्ट २०१९ ला इंग्लंडमध्ये काय झालं, ते या सगळ्यांनी वाचावं. नॉर्दम्प्टनशायरमधल्या क्रॉटन हवाई तळाबाहेर हॅरी डन नावाचा १९ वर्षांचा मुलगा मोटरसायकलवरून आपल्या बाजूने, म्हणजे डावीकडून, चालला होता. समोरून एक अमेरिकन महिला त्याच बाजूने आली. ती दारू प्यायलेली नव्हती. ब्रिटनमध्ये येऊन तिला जेमतेम काही आठवडे झाले होते आणि ती तळातून बाहेर पडून अमेरिकेतल्यासारखी उजवीकडून निघाली होती. हॅरी गेला. ती राजनैतिक संरक्षणाच्या आधाराने मायदेशी निघून गेली. डिसेंबर २०२२ मध्ये तिला आठ महिन्यांची, तीही स्थगित, शिक्षा झाली. दोन दिवसांत सवय होते म्हणणाऱ्यांनी ही ‘काही आठवडे’ मुदत लक्षात घ्यावी.

बाजू बदलणं किती गंभीर काम आहे हे स्वीडनला कळलं होतं. त्या देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी डावी सोडून उजवी धरली. त्याचा कायदा १९६३ मध्येच झाला होता. मधली चार वर्षं पत्रकं, शाळा, रेडिओ, दूरचित्रवाणी यांतून लोकांना शिकवण्यात गेली. त्या दिवशी पहाटे वाहतूक थांबवली गेली आणि नंतर काही काळ वेगमर्यादाही खाली आणली गेली. एका अख्ख्या देशाला जे शिकायला चार वर्षं दिली, ते आपण पुण्याच्या माणसाला हजार रुपयांच्या पावतीवर देतो.

पण माझा खरा आक्षेप याच्याही अलीकडचा आहे. बाजू बदलायला आधी बाजू असावी लागते. ज्याच्या अंगात ‘डावी सोडायची नाही’ हे पक्कं भिनलेलं आहे, तो उजवीकडे गेल्यावर अस्वस्थ होईल आणि त्या अस्वस्थपणामुळेच सावध राहील. पुण्यातल्या चालकाला ही अस्वस्थता उरलेली नाही. लक्ष्मी रस्ता आणि कुमठेकर रस्ता एकेरी आहेत. तिथे अर्धा तास उभं राहून बघा. कात्रज-देहूरोड बाह्यवळणाच्या सेवा रस्त्यांवर, हिंजवडीत, सिंहगड रस्त्यावर उलट्या दिशेने येणारा माणूस समोरच्यालाच हॉर्न देतो. पुढचा यू-टर्न लांब आहे, पेट्रोल जातं, ‘इथूनच तर वळायचंय’, ही कारणं तो निर्लज्जपणे सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाहतुकीच्या प्रवाहाविरुद्ध गाडी चालवणं हे धोकादायक चालवणं म्हणून स्पष्ट लिहिलं गेलं. सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुण्यात हे कोणाला ठाऊक आहे? हडपसरच्या एका मोठ्या वसाहतीने २०१८ साली कंटाळून रस्त्यात उलट येणाऱ्यांचे टायर फाडणारे लोखंडी दाते बसवले. ते धोकादायक आहेत म्हणून पोलिसांनी काढायला सांगितले. पोलिसांचं बरोबरच होतं. पण नागरिकांना असे दाते बसवावेसे वाटले, ही या शहराची अवस्था आहे.

आता याच रस्त्यावर बाहेरून येणाऱ्याचा विचार करा. इराण, येमेन, अफगाणिस्तान अशा देशांतून शेकडो विद्यार्थी पुण्यात शिकायला येतात. त्या सगळ्या देशांत वाहतूक उजवीकडून चालते. त्यातला एखादा पोरगा जुनी दुचाकी घेऊन कॅम्पातून किंवा कोंढव्यातून निघतो. डावी बाजू त्याने शिकायची कोणाकडे पाहून? गोव्यातही तेच. हरमल-मोरजीच्या गल्ल्यांत रशियन पर्यटकाला पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर भाड्याने देणारा मालक लायसन्स बघत नाही, तर बाजू कुठली समजावणार! भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे अंक असावे लागतात, हा नियमही तिथे सर्रास मोडला जातो.

ब्रिटन, अमेरिकासुद्धा हा परवाना परीक्षा न घेताच देतात, असा मुद्दा कोणी काढेल. खरं आहे. पण ब्रिटनमध्ये मूळ लायसन्स मिळवायला किती घाम गाळावा लागतो, हे तिथे पहिल्या प्रयत्नात नापास झालेल्या आपल्याच मराठी मुलांना विचारा. त्यांचा पाया पक्का आहे. आपला पाया कच्चा असताना वरचा मजला बिनतपासणीचा ठेवणं हा गुन्हा आहे.

उपाय अवघड नाही. भोसरीला संगणकीकृत चाचणी ट्रॅक आहे, तिथेच चालक प्रशिक्षणाची सोयही आहे. इंटरनॅशनल लायसन्स मागणाऱ्याला तिथे दोन तास बसवा. डावं वळण, गोल चौक, रिकाम्या रस्त्यावरची चूक, अमेरिकेतला चारही बाजूंना थांबायचा चौक, लाल दिवे लावून उभ्या स्कूलबसमागे थांबण्याचा नियम, हे सगळं शिकवा. मग १५ प्रश्न विचारा. नापास झाला तर परवाना देऊ नका, तिकीट काढलेलं असलं तरीही. ‘स्वतः गाडी चालवा’ म्हणत सहली विकणाऱ्या पुण्यातल्या कंपन्यांनीही गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी गाडी देणं बंद करावं. यासाठी राज्याच्या परिवहन आयुक्तांना केंद्राच्या नियमाची वाट बघावी लागत असेल, तर त्यांनी दिल्लीला तसं लिहावं आणि लिहिल्याचं जाहीर करावं.

तोवर जे निघाले आहेत त्यांना माझं सांगणं आहे. उतरल्या दिवशी किल्ली घेऊ नका. घ्याल तेव्हा ऑटोमॅटिक गाडी घ्या, शेजारी बसणाऱ्याला प्रत्येक वळणाआधी ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणायला सांगा आणि त्याचा राग मानू नका. आणि इथे रोज शंभर मीटर वाचवण्यासाठी उलट्या दिशेने येत असाल, तर परदेशात स्टिअरिंगला हात लावू नका. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे गावोगाव जाते, तिचा पास काढा.