ज्ञान होते, आचरण का नव्हते?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि आपण त्या प्रकरणावर पडदा टाकला. परंतु त्या काळी तेरा ते एकोणीस वर्षांच्या असलेल्या मुलामुलींविषयी जो निवाडा आपण घाईने दिला, तो अद्यापि कायम आहे. ही पिढी बेफिकीर निघाली. मुखपट्टी हनुवटीखाली सारून ती कट्ट्यावर जमली, असा तो निवाडा. साथ पुन्हा येण्यापूर्वी त्याची फेरतपासणी होणे अगत्याचे आहे.

या मुलांपाशी माहितीची वाण नव्हती. रोग श्वासावाटे पसरतो, लक्षणे नसलेला मनुष्यही दुसऱ्यास बाधा करू शकतो, हे त्यांना ठाऊक होते. किंबहुना वडीलधाऱ्यांच्या लशीची नोंदणी अनेक घरांत त्यांनीच करून दिली. मग ज्ञान आचरणात का उतरले नाही?

याचे पहिले कारण असे की, या वयात रोगाचे स्वरूप बहुधा सौम्य असे. खरा धोका घरातील आजीआजोबांना होता. म्हणजे मुलांकडून आपण सावधगिरी नव्हे, परोपकार मागत होतो. पण तो मागताना त्याचे कारण समजावून न सांगता आपण केवळ हुकूम सोडले. दुसरे कारण वडीलधाऱ्यांचे उदाहरण. मुंबईत मुखपट्टी न लावल्यास २०० रुपये दंड होता. पोलीस दिसताच ती नाकावर चढविणारे आणि लग्नांत व प्रचारसभांत गर्दी करणारे लोक पोरवयाचे नव्हते. तिसरे कारण साधनांचे. धारावीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असता अंतर राखावे तरी कोठे?

हुकमाने विश्वास उत्पन्न होत नाही, हा धडा १८९७ च्या प्लेगने पुण्यास शिकविलाच होता. घरझडत्यांच्या धास्तीने लोक रोगी लपवू लागले होते. उलट ३ जानेवारी २०२२ रोजी पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी लस खुली होताच पहिल्याच दिवशी देशात चाळीस लाखांहून अधिक मुलांनी ती टोचून घेतली. साधन हाताशी आले तेव्हा ही पिढी मागे राहिली नाही.

मुंबईतील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. आठवी ते बारावीचे वर्ग उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. या दीड वर्षात आम्हास चिंता होती ती गुणांची. २०२१ साली परीक्षेविना दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि आमचे समाधान झाले! साथीविषयी मुलांशी मोकळेपणाने बोलावे, त्यांची भीती ऐकावी, आपल्या वस्तीतील वृद्धांची विचारपूस त्यांच्यावर सोपवावी, हे मात्र फार थोड्यांना सुचले.

आमच्या मते आरोग्यशिक्षण हा पाठांतराचा विषय राहता कामा नये. एका रोग्याचे दोन, दोनांचे चार कसे होतात हे गणिताच्या तासाला मांडावे. वस्तीतील पाणी, हवा व दाटी यांची पाहणी विद्यार्थ्यांकडून करवावी. आणि मुख्य म्हणजे जे नियम मुलांना लावावयाचे, ते वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः पाळावेत. तेवढे झाल्याशिवाय या पिढीस दोष देण्याचा अधिकार आम्हास पोहोचत नाही.