सत्र परदेशात, निकाल राखीव

परदेशात एक सत्र करून परतलेल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांची पत्रे सध्या आमच्याकडे सातत्याने येत आहेत. महाविद्यालये वेगळी, देश वेगळे, तक्रार मात्र एकच. तिथे वर्ग झाले, परीक्षा झाली, ट्रान्सक्रिप्ट हाती आले आणि इथे निकाल राखीव. कुणाचे नववे सत्र अडले आहे, कुणाची सनदेची नोंदणी. हे संपादकीय प्राचार्य, परीक्षा विभाग आणि अभ्यास मंडळांच्या सदस्यांसाठी आहे, कारण गाठ इथेच बसली आहे आणि सोडवायचीही इथेच आहे.

एक पत्र समोर ठेवून लिहितो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातली ही विद्यार्थिनी जर्मनीला गेली ती महाविद्यालयाच्याच सामंजस्य कराराखाली. शिफारसपत्र महाविद्यालयाने दिले, सत्राची फी महाविद्यालयाने भरून घेतली. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये महिन्याला ९९२ युरोंच्या हिशेबाने रक्कम तिच्या वडिलांनी अडकवली. परत आल्यावर तिने ट्रान्सक्रिप्ट दाखल केले, तेव्हा पहिला आक्षेप निघाला हजेरीचा. सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावापुढे सर्व विषयांत शून्य, म्हणून परीक्षेचा फॉर्मच उघडेना. दुसरा आक्षेप, ट्रान्सक्रिप्टवर डिजिटल सही आहे, ओल्या शाईचा शिक्का नाही. तिसऱ्याने तर कहर केला. गुणपत्रिकेत टक्केवारीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिथल्या गुणांना १८ ने भागून टक्के काढले गेले.

जर्मन विधी विद्याशाखांची गुणपद्धती आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे, तरी परीक्षा विभागांसाठी ती इथे मांडतो. तिथे पेपर ० ते १८ गुणांचा असतो. ४ गुणांना उत्तीर्ण. १० ते १२ गुण तिथे उत्तम मानले जातात, आणि राज्य परीक्षेत सरासरी ९ च्या वर गेलेल्या उमेदवाराला न्यायाधीशपदाची आणि मोठ्या फर्मची दारे उघडतात. १३ च्या पुढचे गुण फार थोड्यांच्या वाट्याला येतात. या मुलीला एका पेपरात १० गुण होते. तिथल्या प्राध्यापकांनी तिचे अभिनंदन केले. आपल्या भागाकाराने ती ५५.५६ टक्क्यांवर आली आणि तिचा प्रथम वर्ग गेला. दुसऱ्या पेपरात ६ गुण होते, म्हणजे तिथे व्यवस्थित उत्तीर्ण. इथे ३३.३३ टक्के झाले आणि त्या विषयात केटी लागली. ज्या विद्यापीठाने पेपर घेतला, तपासला आणि उत्तीर्ण ठरवला, त्याचा निर्णय आपल्या कार्यालयातल्या एका भागाकाराने फिरवला गेला! फ्रान्समध्ये २० पैकी १४ ला 'बियाँ' म्हणजे चांगली श्रेणी मिळते आणि विधी शाखेत १६ च्या वर जाणारा विरळाच. नेदरलँड्समध्ये १० पैकी ८ हे खरोखर मोठे यश. हा भागाकार प्रत्येक देशाच्या विद्यार्थ्याला असाच खाली ओढणार आहे.

युरोपने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. इरॅस्मस योजना १९८७ ची. क्रेडिट हस्तांतराची पद्धत त्यानंतर दोनच वर्षांनी आली. सत्राला ३० क्रेडिट, एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास. गुणांचे थेट रूपांतर करू नका, त्या विद्याशाखेत कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळते याचा तक्ता पाहा, असे त्यांची मार्गदर्शिका सांगते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट. विद्यार्थी निघण्याआधी तिघे सही करतात: तो स्वतः, पाठवणारी संस्था आणि घेणारी संस्था. तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा हे त्यात नावानिशी लिहिलेले असते. परतल्यावर वाद घालायला जागाच उरत नाही. आपल्याकडे करार होतो तो कुलगुरूंच्या उपस्थितीत, फलकासमोर, छायाचित्रासह. समकक्षतेचा तक्ता मात्र विद्यार्थी विमानातून उतरल्यावर शोधायला घेतात.

बार कौन्सिलचे नाव पुढे करून हात वर करणाऱ्यांना आमचे उत्तर आहे. २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील नियम १२ प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी मागतो. अपवादात्मक कारणासाठी ६५ पर्यंत सूट देण्याचा अधिकार अधिष्ठाता किंवा प्राचार्यांना आहे, पण सर्व विषय मिळून ७० भरले पाहिजेत. ही अट त्या विषयाच्या 'झालेल्या वर्गां'बद्दल आहे. विद्यार्थ्याला त्या सत्रापुरते तिथले विषय मंजूर करून दिले असतील, तर त्याचे वर्ग तिथे झाले आणि हजेरीचा दाखलाही तिथूनच येईल. तो हजेरीपटावर चढवणे हे महाविद्यालयाचे काम आहे. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बायोमेट्रिक हजेरी आणली हे खरे, पण जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या वर्गात बसलेल्या मुलीचा अंगठा पुण्याच्या यंत्रावर उमटणार नाही, एवढे समजायला परिपत्रकाची गरज नाही.

बार कौन्सिलच्या नियमांची खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे आणि तिथे आपले नियोजन कच्चे पडते. दुसऱ्या अनुसूचीतले २० अनिवार्य विधी विषय आणि ४ क्लिनिकल पेपर परदेशातल्या कुठल्याही वर्गात भरून निघणार नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहिता किंवा भारतीय साक्ष्य अधिनियम हॅम्बुर्गला कोण शिकवणार? अदलाबदल बसवायची ती ६ ऐच्छिक विषयांत, आणि ऑनर्स असेल तर त्या ८ पेपरांत. म्हणजे ज्या सत्रात ऐच्छिक विषय एकवटले आहेत त्याच सत्रात विद्यार्थी पाठवावा, किंवा अभ्यास मंडळाने ऐच्छिक विषय एका सत्रात एकवटून द्यावेत. आज बहुतेक सत्रांत ऐच्छिक, क्लिनिकल आणि अनिवार्य विषयांची मिसळ असते. विद्यार्थी कोणत्याही सत्रात गेला तरी परतल्यावर अनिवार्य किंवा क्लिनिकल पेपर अंगावर असतातच.

दुसरे वेळापत्रक. जर्मन विद्यापीठांत हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतरही लांबतात. आपले सत्र नोव्हेंबर-डिसेंबरात संपते आणि पुढचे जानेवारीत सुरू होते. त्यामुळे तिथल्या एका सत्रात आपली दोन सत्रे बुडतात. उलट हॅम्बुर्गच्या बुसेरियस लॉ स्कूलचे शरदातले त्रैमासिक सप्टेंबर ते डिसेंबर असते आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचे पहिले सत्र ऑगस्टमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने या दोन्ही ठिकाणी विद्यार्थी पाठवले आहेत. ही पंचांगे जुळवून पाहायला एक दुपार पुरते. समन्वयक म्हणवणाऱ्यांनी ती दुपार काढायला हवी होती.

गोव्याच्या महाविद्यालयांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे धागे गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात आजही जिवंत आहेत. वारसा आणि इन्व्हेंटरीचा भाग २०१२ च्या कायद्यात नव्याने मांडला गेला, तरी विवाहामुळे होणारी मालमत्तेची सामाईकता समजून घ्यायला मूळ संहितेकडेच जावे लागते. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली आणि करार नसेल तर फक्त विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता सामाईक, असा नियम घातला. म्हापशात किंवा मडगावात वकिली करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी कोइंब्रा किंवा लिस्बनमधले एक सत्र केवढे मोलाचे ठरेल! पण त्या सत्रातला कौटुंबिक कायद्याचा पेपर इथे ऐच्छिक म्हणून धरायचा, की तुलनात्मक कायदा म्हणून, की धरायचाच नाही, हे आधी ठरले नसेल तर तो विद्यार्थीही याच रांगेत येऊन उभा राहील.

अदलाबदलीचा मूळ करारच असा असतो की फी इथे भरायची आणि तिथे शिकायचे. फी घेताना विद्यार्थी आपला, निकाल लावताना परका, हा व्यवहार कायदा शिकवणाऱ्या संस्थांना शोभत नाही. ज्या प्राध्यापकांनी वर्गात वैध अपेक्षेचे तत्त्व शिकवले, त्यांनीच हा प्रश्न परीक्षा विभागाचा आहे म्हणून कागद पुढे सरकवला, याचा आम्हाला मनापासून राग आहे.

तेव्हा आता कामाला लागा. सहकारी बंधुभगिनींनो, अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तीन ठराव घाला. विद्यार्थी निघण्यापूर्वी विषयवार समकक्षतेवर प्राचार्य आणि परीक्षा विभाग दोघांची सही. परदेशी विषयांना गुणपत्रिकेत क्रेडिट आणि 'उत्तीर्ण' एवढीच नोंद, टक्केवारी नाही आणि सरासरीत धरणेही नाही. यजमान संस्थेने थेट ई-मेलने पाठवलेले ट्रान्सक्रिप्ट ग्राह्य, शिक्क्याचा आग्रह बंद. अभ्यास मंडळाने केलेले ठराव विद्यापरिषदेत आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळात अडकतात हा अनुभव नवा नाही. म्हणून त्या दोन्ही ठिकाणी आपले जे सदस्य आहेत त्यांना आधीच गाठा.

आज ज्यांचे निकाल अडले आहेत त्यांना मात्र ठरावांची वाट पाहायला सांगू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १२(७) खाली कुलगुरूंना तातडीचे अधिकार आहेत आणि एरवी ते किती कारणांसाठी वापरले जातात हे आपण पाहतो. प्राचार्यांनी अशा प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रस्ताव, ट्रान्सक्रिप्ट आणि यजमान संस्थेचा हजेरीचा दाखला जोडून, याच आठवड्यात कुलगुरूंकडे पाठवावा आणि त्याची पोच विद्यार्थ्याच्या हातात द्यावी. ज्या महाविद्यालयांकडे लर्निंग ॲग्रीमेंटचा चालता नमुना आहे त्यांनी तो आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकात तो पूर्ण छापू, म्हणजे बाकीच्यांना नव्याने मसुदा करत बसावे लागणार नाही.