फडापासून संचापर्यंत

पाश्चात्त्य संगीतात दोघांच्या, तिघांच्या किंवा चौघांच्या वादनाला स्वतंत्र नावे आहेत आणि ती थेट माणसांच्या संख्येवरून पडली आहेत. मराठीत मात्र कलावंतांच्या समूहाला नाव देताना डोकी मोजण्याची रीत फारशी दिसत नाही. समूह लहान की मोठा याचा अंदाज मराठी शब्दांतूनही येतो, परंतु धनी कोण, पैशाची वाटणी कशी आणि कोणी कोणाच्या मागे उभे राहायचे, हे त्यांतून अधिक स्पष्ट होते.

तमाशाचे उदाहरण या दृष्टीने पुरेसे बोलके आहे. ढोलकी-फडाच्या तमाशात ‘फड’ म्हणजे सरदार, सोंगाड्या, सुरत्ये, नाचणाऱ्या स्त्रिया, ढोलकीवाला, हलगीवाला, शिवाय तंबू उभारणारे आणि गाड्या हाकणारे, असा सगळा लवाजमा होय. मोठ्या फडात ही संख्या शंभराच्याही वर जाते. हा सर्व डोलारा एका फडमालकाच्या जिवावर उभा असतो. हंगामाआधी तो कलावंतांना ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो, दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर काढतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा उरकेपर्यंत तो चालवतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पुढारी तेथे येऊन आपल्या गावासाठी ‘सुपारी’ देतात, म्हणजेच खेळ ठरवतात.

‘संगीत बारी’ हा तमाशाचाच दुसरा प्रकार. पण त्याची बांधणी निराळी आहे. मूठभर नर्तिका आणि गायिका, एक ढोलकी, एक पेटी, एक तबला एवढ्यावर ही ‘पार्टी’ उभी राहते आणि तिची सूत्रे बहुधा एखाद्या स्त्रीच्या, मालकिणीच्या, हाती असतात. एकाच थिएटरात अशा अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि पाळीपाळीने रंगमंचावर येतात; ही पाळी म्हणजेच ‘बारी’. तंबू नाही, वग नाही, गाड्यांचा ताफा नाही. बैठकीची लावणी आणि रसिकांकडून मिळणारी दौलतजादा यांवर तिचे अर्थकारण चालते. म्हणूनच मोठा तो फड आणि लहान ती बारी, एवढ्याने या दोहोंतील भेद पुरता सांगून होत नाही.

‘फड’ हा शब्द उसाला आणि कुस्तीला जसा चालतो, तसाच तो वारकरी संप्रदायातही आदराने वापरला जातो. वासकर फड, देहूकर फड या नावांतून एका परंपरेला मानणाऱ्या वारकऱ्यांचा समुदाय सूचित होतो आणि त्याच्या प्रमुखाला ‘फडकरी’ म्हणतात. वाटचालीत हे वारकरी ज्या रचनेत चालतात ती ‘दिंडी’. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे ओळीने टाळकरी, त्यांच्यासोबत मृदंगवादक, मध्ये विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया, असा हा क्रम सर्वसाधारणपणे असतो. दिंडीत पन्नास माणसे असोत वा पाचशे, विणेकऱ्यावाचून ती दिंडी ठरत नाही.

एकोणिसाव्या शतकात नाटकाने ‘मंडळी’ हा शब्द रूढ केला. 1880 साली उभी राहिलेली किर्लोस्कर नाटक मंडळी आणि 1913 साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी या केवळ नटांच्या टोळ्या नव्हत्या. एकत्र राहणारे, एका पंगतीला जेवणारे आणि गावोगाव बिऱ्हाड हलवणारे ते मोठे कुटुंबच होते. गंधर्व मंडळी तर बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांच्या भागीदारीतून निघाली होती. आजच्या व्यावसायिक नाटकाचा ‘संच’ याच्या अगदी उलट आहे. निर्माता एका नाटकापुरते कलावंत जमवतो, त्यांना प्रयोगागणिक ‘नाईट’ मोजतो आणि नाटक बंद पडले की संच विखुरतो. जुने नाटक पुन्हा आले तर जाहिरातीत ‘नव्या संचात’ असे आवर्जून छापले जाते.

‘मेळा’ आणि ‘पथक’ हे शब्द सार्वजनिक उत्सवांनी रुजवले. एका पोशाखातील मुले चालीवर पदे म्हणत जात, तो गणेशोत्सवातला मेळा. पुढे ब्राह्मणेतर चळवळीने छत्रपती मेळा काढून त्याच साच्यातून आपला विचार मांडला, तर सत्यशोधक आणि आंबेडकरी प्रचारकांनी ‘जलसा’ हा प्रकार हाती घेतला. ‘पथक’ हा मुळात लष्करी शब्द, सरदाराच्या हाताखालील स्वारांच्या तुकडीचा. तो ढोल-ताशाला शोभला, कारण तेथेही ताशाच्या इशाऱ्यावर शेकडो ढोलांचे टिपरू एकदम पडावे लागते.

अलीकडे कार्यक्रमपत्रिकांवर या सर्वांसाठी ‘टीम’ किंवा ‘ग्रुप’ हा एकच शब्द सर्रास छापला जातो. त्यात परकेपणाचा दोष फारसा नाही, कारण ‘कंपनी’ आणि ‘पार्टी’ हे परके शब्दही याच कलावंतांनी आपलेसे केले आहेत. दोष आहे तो सपाटीकरणाचा. गोंधळ्यांचा संच, सनई-चौघड्याचा ताफा आणि भजनी मंडळ यांचे मानपान, मानधन आणि रीतिरिवाज वेगवेगळे असतात. तेव्हा आयोजकांनी पत्रिका छापण्यापूर्वी त्या कलावंतांनाच विचारावे की ते स्वतःला काय म्हणवतात, आणि तेच नाव छापावे.