पिंजऱ्याबाहेरची पिल्ले

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात भात कापून झाला की खाचरांत पुन्हा पाणी सोडतात. उन्हाळाभर बिळांत दडून बसलेल्या क्रॉफिशच्या माद्या तेव्हा पिल्लांसह बाहेर येतात. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, शेवंडीचा लहान भाऊ शोभेल असा कवचधारी जीव. पालघर-रायगडचा कोळंबी उत्पादक तळ्यात किती बीज सोडले, हे मोजून जाणतो. लुइझियानाच्या शेतकऱ्याकडे हा आकडाच नसतो. तो विणीचे थोडे क्रॉफिश सोडतो, पुढचे सारे निसर्गावर.

म्हणूनच त्याच्यासाठी पाहणी ही हौस नव्हे. तरीही अनेकांचा भरवसा एकट्या पिंजऱ्यावर असतो, आणि तो चुकीचा आहे. आमिष लावलेल्या पिंजऱ्यात मोठे क्रॉफिश शिरतात. बारीक पिल्ले जाळीच्या भोकांतून निसटतात. पिंजरा आजचा माल सांगतो, दोन महिन्यांनंतरचा नाही. त्यासाठी दांड्याचे बारीक जाळे घेऊन बांधाच्या कडेने आणि मध्यभागीही फिरवावे लागते. काम चिखलाचे आणि कंटाळवाणे, पण खर्च जवळजवळ शून्य.

क्रॉफिश कात टाकूनच वाढतो. प्रौढ होईपर्यंत किमान 11 वेळा त्याला कात टाकावी लागते. परिस्थिती अनुकूल असेल तर एका कातीत लांबी 15 टक्क्यांपर्यंत आणि वजन 40 टक्क्यांपर्यंत वाढते. पण गर्दी झाली, भाताचे खुंट कुजून संपले, पाण्यातला प्राणवायू घटला, की वाढ खुंटते. मग तो लहान आकारातच प्रौढ होतो. असा माल पोत्याने निघाला तरी भाव मिळत नाही. ग्राहक मोठ्या नगालाच पैसे मोजतो.

वाढ खुंटल्यावर वरून खाद्य टाकणे हा पहिला मोह. त्याचा भरवशाचा फायदा प्रयोगांत दिसलेला नाही. गर्दी वेळेत कळली, तर जास्त पिंजरे लावून ती कमी करता येते किंवा काही क्रॉफिश खाद्य शिल्लक असलेल्या दुसऱ्या खाचरात हलवता येतात. एप्रिलमध्ये कळले, तर पाणी तापू लागलेले असते आणि हाती फारसे उरत नाही.

कोकणात फेकजाळे टाकून कोळंबीचे सरासरी वजन नियमित काढतात, त्यावर खाद्य ठरते. तिथेही मेख तीच. जाळे दरवेळी खाद्य पडते त्याच कोपऱ्यात टाकले, तर वहीतला आकडा तळ्याचा नसतो, त्या कोपऱ्याचा असतो.